समुद्रशैवाल : काचपेटीत आणि ताटात

भाद्रपदाच्या सुमारास पावसाचा जोर ओसरतो, समुद्राची गाज थोडी मंदावते, आणि आमच्या शाळेतील मुले सुटीच्या दिवशी ओहोटीची वेळ साधून खडकांवर जाऊ लागतात. कोणी कालवे पाहतात, कोणी डबक्यात अडकलेले मासे ओंजळीत धरण्याची खटपट करतात, आणि परत येताना निदान दोघा-चौघांच्या गुडघ्यांस तरी खरचटलेले असते. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले : "शेवाळावरून पाय घसरला." शेवाळाविषयी आमच्या विद्यार्थ्यांचे ज्ञान बहुधा येथेच संपते. विहिरीच्या पायऱ्यांवर, दगडी डोणीत, न्हाणीच्या कोपऱ्यात जे हिरवे व बुळबुळीत दिसते ती घाण होय, आणि दिसताच ती खरवडून टाकावी, ही घरातील वडील माणसांची शिकवण. न्हाणीपुरती ती शिकवण योग्यच आहे. परंतु तीच समजूत आम्ही समुद्राच्या पाण्यास लावली आणि फसलो. त्या फसवणुकीची हकीकत सांगून, तीतून जे शिकलो ते विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या कानी घालावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर विज्ञानाच्या खोलीत आम्ही खाऱ्या पाण्याची एक काचपेटी मांडली. पेटी अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद व तितकीच उंच होती. खाडीचे पाणी गोड्या पाण्याने पातळ झालेले असते, म्हणून खाडीपासून दूर, भरतीच्या वेळी, स्वच्छ डब्यांतून समुद्राचे पाणी आणले. तळाशी वाळू पसरली, चार ओबडधोबड दगड ठेवले, आणि हवेचे बुडबुडे सोडणारे लहानसे यंत्र जोडले. मुलांनी खडकांतील डबक्यांतून बोटभर लांबीचे सात मासे, रिकाम्या शंखात घर करून राहणारे दोन खेकडे व एक समुद्रफूल आणून त्यात सोडले. दोन आठवड्यांत काचेवर तपकिरी साय धरली. पुढे ती जाऊन दगडांवर हिरवी लव उगवली, आणि दोन महिन्यांनी दगडांवर हिरव्या तंतूंची चांगली दाट झालर झाली. मासे ती टोचून खात, खेकडे तिच्यात दडत. सर्व काही ठीक चालले होते.

इतक्यात स्नेहसंमेलनाचा दिवस जवळ आला. पालक मंडळी येणार, पेटी पाहणार, आणि तीत शेवाळ माजलेले दिसणार! आम्हांस लाज वाटली. आदल्या दिवशी मुलांच्या मदतीने मासे बादलीत काढले, काच घासली, दगड नळाखाली धरून काथ्याने खरवडले, वाळू नितळ पाणी येईपर्यंत धुऊन उन्हात वाळविली, आणि सर्व काही पुन्हा मांडून नवे पाणी भरले. पेटी आरशासारखी चकाकू लागली. पालकांनी तोंड भरून प्रशंसा केली. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागले. पाचव्या दिवशी सकाळी सातांपैकी चार मासे तळाशी पडले होते. ज्या मुलाने ते मासे दोन रविवार खर्चून धरून आणले होते, तो बराच वेळ पेटीपाशी उभा राहिला आणि अखेर म्हणाला, "सर, पाणी तर आता स्वच्छ होते ना?"

त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधताना शैवालाची जी ओळख झाली ती पुढे देत आहो.

'स्वच्छ' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि आम्ही त्यांपैकी एकच जाणत होतो. डोळ्यांस नितळ दिसणारे पाणी ते एक स्वच्छ, आणि प्राण्यास अपाय न करणारे पाणी ते दुसरे. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच न खाल्लेल्या अन्नाच्या कुजण्यातून, अमोनिया नावाचे द्रव्य सतत पाण्यात मिसळत असते. त्यास रंग नाही, आणि थोड्या प्रमाणात असल्यास वासही येत नाही, परंतु माशास ते विषासमान आहे. विस्तीर्ण समुद्रात ते विरून जाते. पेटीतल्या शंभर लिटर पाण्यात ते विरणार कोठे? वाळूच्या कणांवर व दगडांच्या छिद्रांत राहणारे सूक्ष्म जंतू येथे उपयोगी पडतात. त्यांपैकी काही अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट हे त्या मानाने सौम्य आहे. परंतु तेही पेटीतून आपोआप जात नाही, दिवसेंदिवस साचतच राहते.

ह्या साचलेल्या नायट्रेटास गिऱ्हाईक म्हणजे शैवाल. शेतकरी ज्या नत्रासाठी व स्फुरदासाठी शेतात खत घालतो, तेच नत्र व स्फुरद शैवालास पेटीतील मळातून मिळते. नायट्रेटच नव्हे, तर अमोनियाही ते प्रत्यक्ष शोषून घेते. सूर्यप्रकाशात ते कर्बवायू घेते व प्राणवायू सोडते. म्हणजे वाळूतले जंतू आणि दगडांवरचे शैवाल हे आमच्या पेटीतील दोन राबते हात होते. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते. त्या पाण्याने वाळू धुऊन व उन्हात वाळवून आम्ही एक हात तोडला, आणि काथ्याने खरवडून दुसरा. नंतर त्याच पेटीत पूर्वीइतकेच मासे सोडले व पूर्वीइतकेच खाद्य घातले. पाणी नितळ होते हे खरे, पण ते स्वच्छ ठेवणारे कोणी उरले नव्हते. त्या मुलाच्या प्रश्नाचे हे उत्तर होय.

आता शैवाल म्हणजे काय ते पाहू. आंब्याच्या झाडास मूळ, खोड, पान असे भेद आहेत. मूळ पाणी ओढते, खोड ते वर नेते, पान अन्न तयार करते. समुद्रशैवालात असा श्रमविभाग जवळजवळ नाही. ज्यास आपण त्याचे मूळ समजतो ती केवळ खडकास धरून ठेवणारी पकड असते, ती अन्न ओढीत नाही. शैवालाचे सर्व अंगच भोवतालच्या पाण्यातून हवे ते शोषून घेते. रंगावरून त्याचे तीन मोठे वर्ग मानतात : हिरवे, तपकिरी व तांबडे. खडकांवर पोपटी रंगाची, कागदासारखी पातळ जी पाने भिजलेल्या फडक्याप्रमाणे पडलेली दिसतात ते 'उल्वा' हे हिरवे शैवाल. बोराएवढ्या हवेच्या फुग्यांनी तरंगणारे व लाटांबरोबर काठावर येऊन पडणारे 'सरगॅसम' हे तपकिरी. तांबड्यांविषयी पुढे सांगावयाचे आहे.

सर्वांगाने शोषून घेण्याच्या ह्या गुणातून एक नियम निघतो. तो विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सर्व लेख त्याच्यावरच उभा आहे. नियम असा : पाण्यात जे असेल ते शैवालात उतरते. पाण्यातला मळ उतरला म्हणजे पेटी शुद्ध होते. पाण्यातली उपयुक्त द्रव्ये उतरली म्हणजे माणसास अन्न मिळते. आणि पाण्यातले विष उतरले तर तेच अन्न घातक होते.

काचपेटीचा शोध ह्याच नियमाच्या पहिल्या भागातून लागला. लंडन येथील रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एका काचपात्रात दोन सोनेरी मासे व एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगाई त्यात सोडल्या. मासा, वनस्पती व गोगलगाय अशा त्रयीने पाणी न बदलता टिकून राहते, हे त्याने 1850 साली तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडले. पुढे समुद्राचे पाणी व समुद्रशैवाल घेऊन त्याने तोच प्रयोग केला. त्याच सुमारास फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गशास्त्रज्ञाने समुद्रप्राण्यांच्या काचपेट्यांवर ग्रंथ लिहिला. तो 1854 साली प्रसिद्ध झाला आणि इंग्लंडात घरोघर अशा पेट्या ठेवण्याचे वेडच लागले. ह्या वेडाचा परिणाम मात्र चांगला झाला नाही. हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर जाऊन डबकीच्या डबकी उपसू लागल्या. गॉसच्या मुलाने मोठेपणी, 1907 साली, आपल्या आठवणींच्या पुस्तकात खडकांतील त्या सुंदर डबक्यांची कशी नासाडी झाली हे खेदाने नमूद केले आहे. ज्या पित्याने सौंदर्य दाखविले त्याच्याच ग्रंथामुळे ते लुटले गेले, ही गोष्ट आम्हां शिक्षकांसही विचार करावयास लावणारी आहे.

येथे कोणी शंका घेईल की, शैवाल इतके गुणी तर ते वाढेल तितके वाढू द्यावे काय? नाही. शैवालाने मळ घेतला म्हणजे तो नाहीसा झाला असे नव्हे. तो शैवालाच्या अंगात साठला एवढेच. शैवाल पेटीतच मेले व कुजले तर साठविलेले सर्व पाण्यास परत जाते. म्हणून वाढलेले शैवाल वेळोवेळी मुठीने काढून पेटीबाहेर टाकावे लागते. ही कापणी हाच पेटी शुद्ध करण्याचा खरा उपाय होय. अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेचे वॉल्टर एडी ह्यांनी ह्याच तत्त्वावर एक रीत बसविली. जाळीवरून पाणी वाहते ठेवावयाचे, जाळीवर दिव्याच्या प्रकाशात शैवाल वाढू द्यावयाचे, आणि ते नियमाने खरवडून काढावयाचे. आज अनेक हौशी लोक मुख्य पेटीस जोडून एक लहान पेटी ठेवतात व तीत शैवालाचे पीक घेतात. तेथे 'कीटोमॉर्फा' हे बारीक तारांच्या गुंत्यासारखे हिरवे शैवाल विशेष पसंत करतात. 'कॉलेर्पा' नावाचे शैवाल जलद वाढते खरे, पण त्यास एक खोड आहे. पुनरुत्पादनाची वेळ आली की एका रात्रीत त्याचे अंग रिते होऊन पांढरे पडते व पाणी गढुळते. रात्रीविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अंधारात शैवालही माशाप्रमाणेच प्राणवायू खर्च करते; म्हणून फार दाट शैवाल असलेल्या पेटीत पहाटेच्या सुमारास मासे गुदमरण्याचा संभव असतो. हवेचे बुडबुडे सोडणारे यंत्र रात्री बंद करू नये, ते ह्यासाठी.

आता नियमाच्या दुसऱ्या भागाकडे वळू. समुद्राच्या पाण्यात आयोडिन अत्यल्प असते, पण तपकिरी शैवाल ते ओढून आपल्या अंगात कितीतरी पटींनी साठविते. 1811 साली बर्नार्ड कूर्त्वा ह्या फ्रेंच रसायनज्ञास आयोडिनचा शोध लागला तो शैवालाच्या राखेवर काम करीत असतानाच. आयोडिनच्या अभावी गळ्याशी गलगंड होतो हे आपण आरोग्यशास्त्राच्या धड्यात शिकलो आहो.

शैवाल खाण्याची रूढी आपल्या कोकणात सर्वसाधारणपणे नाही, म्हणून ते अन्न असू शकेल ही कल्पना आपणांस चमत्कारिक वाटते. परंतु जपान, कोरिया व चीन ह्या देशांत ते रोजच्या जेवणातले आहे. जपानी लोक 'कोंबू' नावाच्या तपकिरी शैवालाचा काढा करून त्यात आमटी-रस्सा शिजवितात. त्या काढ्याची रुची गोड, आंबट, खारट, कडू ह्यांपैकी कोणतीच नव्हे. मग ती कोणती, असा प्रश्न किकुनाए इकेदा ह्या जपानी शास्त्रज्ञास पडला, आणि 1908 साली त्याने कोंबूमधून ग्लुटामेट हे द्रव्य वेगळे करून दाखविले. त्या रुचीस त्याने 'उमामी' हे नाव दिले. युरोपातही वेल्स प्रांतात तांबडे शैवाल शिजवून त्याचा लगदा खातात, आणि आयर्लंडात 'डल्स' नावाचे शैवाल वाळवून चघळतात.

जपानात भाताभोवती गुंडाळावयाचे काळसर, कागदासारखे जे पापुद्रे मिळतात त्यांस 'नोरी' म्हणतात. नोरी ज्यापासून होते ते 'पोर्फिरा' कुळातील तांबडे शैवाल. ह्याच कुळातील एक जात पावसाळ्यात कोकण व गोव्याच्या खडकांवर उगवते. भरतीच्या उंच रेषेशी, लाटांचे तुषार उडतात तेथे, जांभळट रंगाच्या पातळ चिंध्यांसारखी ती दिसते. वाळलेल्या नोरीच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा प्रथिनांचा असतो. मात्र एक पापुद्रा जेमतेम तीन ग्रॅमचा; तेव्हा त्याने डाळीची जागा भरून निघेल असे कोणी समजू नये. ही गोष्ट आकडा पाहून हुरळून जाणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगितली.

ह्या नोरीच्या शेतीची कथा आमच्या विषयाचे दोन्ही भाग, काचपेटी व ताट, एकत्र आणते. जपानी कोळी शतकानुशतके उथळ समुद्रात बांबू व काटक्या रोवीत, पुढे जाळी बांधीत, आणि हिवाळ्यात त्यांवर नोरी उगवण्याची वाट पाहत. बी कोठून येते हे कोणासच ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात नोरी समूळ नाहीशी होई. एखाद्या वर्षी भरपूर पीक येई, एखाद्या वर्षी जाळी रिकामी राही. म्हणून त्यास 'जुगाऱ्याचे गवत' असे नाव पडले होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत पीक वाईट रीतीने बुडाले आणि किनाऱ्यावरील कुटुंबे हवालदिल झाली.

त्या वेळी दूर इंग्लंडात, मँचेस्टर येथे, कॅथलीन ड्र्यू-बेकर नावाच्या विदुषी वेल्सच्या किनाऱ्यावरील पोर्फिराचा अभ्यास करीत होत्या. विवाहित स्त्रियांस नोकरीत न ठेवण्याच्या तत्कालीन नियमामुळे विवाहानंतर त्यांचे विद्यापीठातील पगारी पद गेले होते. तरी बिनपगारी संशोधक म्हणून त्यांनी काम सोडले नाही. भरती-ओहोटीप्रमाणे पाणी चढते-उतरते राहील अशी पेटी त्यांच्या अभियंता पतीने तयार करून दिली. पोर्फिराची बीजे त्यांनी शिंपल्यांवर पडू दिली आणि धीराने निरीक्षण केले. बीजांतून पोर्फिराची पाने उगवली नाहीत. शिंपल्याच्या अंगात शिरणारे अतिसूक्ष्म गुलाबी तंतू उगवले. हे तंतू शास्त्रज्ञांस पूर्वीपासून माहीत होते, परंतु ती एक निराळीच वनस्पती समजून त्यांस 'कॉन्कोसेलिस' असे निराळे नाव दिलेले होते. वास्तविक अळी व फुलपाखरू ही जशी एकाच जिवाची दोन रूपे, तशीच ही दोन. उन्हाळ्यात नोरी नाहीशी होत नव्हती. कालवांच्या शिंपल्यांत दडून बसत होती.

हा शोध 1949 साली 'नेचर' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जपानी शास्त्रज्ञांनी तो वाचला, स्वतः पडताळून पाहिला, आणि पुढच्या काही वर्षांत हौदांमध्ये शिंपल्यांवर बी तयार करून जाळ्यांस लावण्याची रीत बसविली. जुगार संपला, शेती सुरू झाली. कॅथलीनबाई 1957 साली वारल्या. त्यांनी जपान कधीही पाहिला नाही. परंतु 1963 साली जपानातील कुमामोतो प्रांतात, समुद्राकडे पाहणाऱ्या एका टेकडीवर, लोकांनी त्यांचे स्मारक उभारले. त्यांस तेथे 'समुद्रमाता' म्हणतात, आणि दर वर्षी 14 एप्रिलला तेथे कृतज्ञतेने जमतात. एका पेटीत काही शिंपले ठेवून शांतपणे पाहत बसण्याचे हे फळ. खुल्या समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्या घालविलेल्या लोकांस जे दिसले नाही ते काचेच्या चार भिंतींत दिसले.

आपल्या स्वयंपाकघरातही शैवाल चोरपावलांनी आलेले आहे. खीर-फालुद्यासारखे पदार्थ घट्ट करण्यासाठी वाण्याकडून 'चायना ग्रास' आणतात. नावाने ते गवत, पण वस्तुतः तांबड्या शैवालाचा वाळविलेला रस; शास्त्रात त्यास 'अगर' म्हणतात. 1881 साली जर्मनीत वॉल्टर हेस हे डॉक्टर जंतूंची लागवड जिलेटिनवर करू पाहत होते. उन्हाळ्यात जिलेटिन वितळून जाई, आणि काही जंतू तर तेच खाऊन पातळ करीत. त्यांच्या पत्नी फॅनी ह्यांस, जावा बेटात राहून आलेल्या ओळखीच्या लोकांकडून, उष्ण हवेतही न वितळणाऱ्या अगरची माहिती मिळालेली होती, व त्या घरी त्याची जेली करीत. त्यांनी पतीस अगर वापरून पाहण्यास सुचविले. ती युक्ती रॉबर्ट कॉख ह्यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली, आणि आज जगातील प्रत्येक रुग्णालयात रोगजंतू ओळखण्यासाठी अगरच्याच बशा लागतात. भारतात मन्नारच्या आखातात, रामेश्वर-पांबनच्या बाजूस, कोळी स्त्रिया पाण्यात बुडी मारून हे शैवाल काढतात. दगडांनी कापू नये म्हणून त्या बोटांस चिंध्या गुंडाळतात. पीक संपू नये म्हणून महिन्यातील काही ठराविक दिवसच शैवाल काढावयाचे, असा निर्बंध त्यांनी आपणच आपणांवर घालून घेतला आहे. इंग्लंडातील हौशी मंडळींस जे सुचले नाही ते ह्या अल्पशिक्षित स्त्रियांस सुचले.

आता नियमाचा तिसरा भाग, म्हणजे सावधगिरी. हा लेख वाचून कोणी खडकावरचे शैवाल घरी नेऊन आमटीत घालू नये. जेथे गावाचे सांडपाणी किंवा कारखान्याचे पाणी समुद्रास मिळते, तेथील शैवाल त्या पाण्यातील शिसे, पारा अशी द्रव्येही शोषून घेते. काचपेटीतले शैवाल तर मुळीच खाऊ नये. पेटीत माशांसाठी औषधे घातलेली असू शकतात. बाजारात मिळणाऱ्या शैवालाविषयीही तारतम्य हवे. 'हिजिकी' नावाच्या शैवालात सोमल अधिक प्रमाणात आढळल्यामुळे ब्रिटनच्या अन्नविभागाने 2004 साली ते न खाण्याचा सल्ला दिला. मोठ्या माणसास दिवसास सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडिन पुरते. एक ग्रॅम कोंबूत त्याच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक असू शकते. आयोडिनच्या अभावाने गळ्यातील ग्रंथी बिघडते, तशीच त्याच्या अतिरेकानेही बिघडते. त्या ग्रंथीचा विकार असलेल्या माणसाने वैद्यास विचारल्यावाचून असले पदार्थ खाऊ नयेत.

सावधगिरीचा दुसरा प्रकार पेटी बाळगणाऱ्यांसाठी आहे. काचपेट्यांत शोभेसाठी वाढविलेली कॉलेर्पाची एक जात 1984 साली मोनॅको येथे, समुद्रशास्त्राच्या प्रसिद्ध संग्रहालयासमोरील समुद्रात, सुमारे एक चौरस मीटर जागेत आढळली. पुढील वर्षांत ती भूमध्य समुद्राच्या हजारो हेक्टर तळावर पसरली आणि तेथील मूळच्या सागरी गवतास तिने झाकून टाकले. पुढे काही ठिकाणी ती आपोआप ओसरली, परंतु मधल्या काळात व्हावयाची ती हानी झाली. तीच जात 2000 साली कॅलिफोर्नियात सापडली. तेथे तिच्यावर ताडपत्र्या अंथरून, खाली क्लोरीन सोडून तिचा नाश करावा लागला. सहा वर्षे व कोट्यवधी रुपये खर्च झाल्यावर 2006 साली ती समूळ गेली असे जाहीर झाले. म्हणून पेटीतील पाणी, शैवाल किंवा विकत घेतलेला प्राणी समुद्रात, खाडीत वा ओढ्यात कधीही सोडू नये. पेटीतून काढलेले शैवाल उन्हात कडक वाळवून मग टाकावे. आम्ही ते गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून शाळेच्या बागेतील खताच्या खड्ड्यात टाकतो.

असो. आमच्या पेटीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. उरलेले तीन मासे आम्ही ज्या डबक्यातून आणले त्याच डबक्यात नेऊन सोडले, कारण ते तेथलेच होते. पेटी तीन महिने माशांवाचून ठेवली, आणि किनाऱ्यावरून जिवंत वाळूची एक बशी व शैवाल धरलेला एकच दगड आणून तीत घातला. उन्हाने आटलेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने केली, खाऱ्याने नव्हे. कारण पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. नळाचे पाणी घ्यावयाचे तर त्यातील क्लोरीन औषधाने काढूनच घेतो. ज्या गावी समुद्र नाही तेथील पालकांनी वाण्याचे मीठ पाण्यात मिसळून हा प्रयोग करू नये. समुद्राच्या क्षारांत आपले खाण्याचे मीठ सुमारे तीन-चतुर्थांशच असते. बाकीचे मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादींचे क्षार मिठागरात बहुतांशी मागे राहतात, आणि त्यांवाचून हे जीव जगत नाहीत. त्यासाठी समुद्रक्षारांचे तयार मिश्रण मिळते. मासे थोडे, खाद्य चिमूटभर, आणि पाण्याचा दहावा हिस्सा दर पंधरवड्यास बदलावयाचा, इतके पथ्य पाळले म्हणजे पुरे.

आज त्या पेटीत दोनच मासे आहेत. दगडांवर हिरवी झालर पुन्हा दाट झाली आहे. समोरची काच तेवढी आम्ही पुसतो, मागच्या व बाजूंच्या काचांस हात लावीत नाही. दर दुसऱ्या शनिवारी मूठभर शैवाल काढावयाचे काम ज्या मुलाने आम्हांस तो प्रश्न विचारला होता त्याच्याकडे आहे. काढलेल्या शैवालाचे वजन तो एका वहीत लिहून ठेवतो. यंदाच्या स्नेहसंमेलनास पालक येतील तेव्हा पेटी गेल्या वर्षीइतकी चकाकणार नाही. त्यांनी ती वही मात्र अवश्य मागून पाहावी.

विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी तीन प्रश्न देऊन लेख पुरा करतो. पहिला : आपल्या घरातील माणसांनी आजवर शैवालापासून झालेले कोणकोणते पदार्थ नकळत खाल्ले किंवा वापरले आहेत, ते डब्यांवरील व पुड्यांवरील अक्षरे वाचून शोधा. दुसरा : ओहोटीच्या वेळी वडील माणसास बरोबर घेऊन एकाच खडकाचे पाण्यापासून वरपर्यंत निरीक्षण करा, आणि हिरवे, तपकिरी व तांबडे शैवाल कोणकोणत्या उंचीवर आहे त्याचे चित्र काढा, मात्र काही उपटू नका. तिसरा : पाण्याने भरलेल्या दोन स्वच्छ बरण्यांत विहिरीवरील शेवाळाचा एकेक लहान तुकडा ठेवा, एक बरणी उजेडात व दुसरी अंधारात ठेवून आठ दिवस रोज पाहा, आणि फरक लिहा. पाहताना घाई करू नये, आणि जे कळत नाही ते घाण म्हणून खरवडून टाकू नये.